वीस शब्दांची यादी

"पाचशे म्हणजे पाचशे, बाई," हुंडेकरी सर म्हणाले आणि अंगठा जिभेला लावून त्यांनी माझ्या वहीचं पान उलटलं. "जाहिरात गेली आपली. पाचशे शब्द, पाचशे कहाण्या. आता तुम्ही एकशे ऐंशीवर अडलात तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"कोशात आहेत तेवढ्याच मिळणार, सर. प्रत्येक शब्दामागं गोष्ट नसते."

"नसते तर करा की! एम.ए. आहात ना तुम्ही?"

तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. तपकिरीनं पिवळा पडलेला, नखाच्या कडेला काळी रेघ, आणि दर पानाला जिभेवर टेकून ओला होणारा. माझ्या वहीच्या सगळ्या कोपऱ्यांना त्याचे डाग पडत. शी! मी घरी गेले की कात्री घेऊन ते कोपरे कापून टाकत असे. आई म्हणायची, वहीला उंदीर लागलेत का गं. मी हो म्हणायची.

ही सोलापूरची गोष्ट, शहाऐंशी सालची. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर सरांचा इंग्रजीचा क्लास चालायचा. स्पर्धा परीक्षेला बसणारी, मुलाखतीला जाणारी पोरंपोरी तिथं जुने, अवघड, कुणी कधी न ऐकलेले इंग्रजी शब्द पाठ करायला येत. सरांचं म्हणणं, नुसता अर्थ सांगितला तर विसरतात. शब्द कुठून आला त्याची कहाणी सांगितली तर जन्मात विसरत नाहीत. म्हणणं खोटं नव्हतं. सरांना स्वतःला मात्र एकही कहाणी येत नव्हती. ते काम माझं. मी, सुनंदा मैंदर्गीकर, वय चौतीस, बिनलग्नाची, पुण्याहून इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली. गावातल्या जुन्या वाचनालयात एका मोठ्या इंग्रजी कोशाचे जाडजूड खंड होते. त्यातून मी शब्द उतरवून आणायची, मराठीत कहाणी लिहायची आणि सर ती स्वतःच्या नावानं पुस्तिकेत छापायचे. मुखपृष्ठावर फोटोही त्यांचाच, टाय लावलेला.

सुरुवातीचे एकशे ऐंशी शब्द अगदी चोख होते. नॉशिया म्हणजे मळमळ, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतलं जहाज. बोट लागते तीच ती मळमळ. कँडिडेट म्हणजे उमेदवार, कारण रोमन लोकांत निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढरं केलेलं वस्त्र घालून फिरायचा. क्वॅकसॅल्व्हर हा जुना डच शब्द, बाजारात आरडाओरडा करून मलमं विकणारा भोंदू वैद्य. हा शब्द शिकवताना मी हुंडेकरी सरांकडे बघायचं टाळत असे, नाहीतर हसू फुटलं असतं.

एकशे एक्याऐंशीवा शब्द होता फ्लिबर्टिजिबेट. जुना शब्द, अर्थ वटवट करणारी, उथळ बाई. कोशात म्हटलं होतं की निरर्थक बडबडीच्या आवाजाची नक्कल करून बनला असावा. झालं, एवढंच. याची काय कहाणी करणार डोंबल! जिबेट म्हणजे फाशीचा खांब, हे मला माहीत होतं. मी पेन उचललं आणि लिहून टाकलं. फ्लिबर्टी नावाची एक बाई होती. चोरीच्या आळावरून तिला फाशी झाली. खांबाखाली उभी केल्यावर ती बोलायला लागली ती थांबेचना. शेजारणीच्या कोंबड्या, नवऱ्याचा दमा, पाद्र्याची बायको, सगळं सगळं. ऐकता ऐकता फाशी देणाऱ्याला डुलकी लागली आणि बाई दोरातून मान काढून घरी गेली. तेव्हापासून वटवट्या बाईला फ्लिबर्टिजिबेट म्हणायला लागले.

धादांत खोटं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली तर चाळीस जण पोट धरून हसले आणि शब्द एका फटक्यात सगळ्यांना पाठ! नॉशियाला कुणी हसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यानंतर मी आणखी तीनशे एकोणीस कहाण्या केल्या. हात बसला होता.

वर्गात पहिल्या बाकावर पद्मा येमूल बसायची. पद्मशाली समाजातली, बावीस वर्षांची, बी.ए. झालेली. घरी आई आणि दोघी बहिणी विड्या वळायच्या, वडील, म्हणजे तिचे आप्पा, यंत्रमागावर. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा आणि त्याची तिला लाज नव्हती. इतकी तल्लख पोर मी पुन्हा पाहिली नाही. एकदा वर्ग सुटल्यावर तिनं मला जिन्यातच गाठलं.

"बाई, या कहाण्या सर लिहीत नाहीत, तुम्ही लिहिता. होय की नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सरांना एवढं सुचतंय होय!" ती हसली. "पण हे सगळं मिळतं कुठं, बाई? फ्लिबर्टीची गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे?"

"मोठ्या कोशात," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, विषय संपला. पुढच्या जानेवारीत तीच पद्मा पळत पळत माडी चढून आली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. पुण्यात एका कोशमंडळाला इंग्रजी-मराठी कोशासाठी सहायक पाहिजे होता. जुन्या, दुर्मिळ शब्दांचा विभाग. अट अशी की उमेदवारानं स्वतः निवडलेले वीस शब्द, त्यांचे अर्थ आणि उगम लिहून आणायचे, शिवाय एखाद्या जाणकाराचं शिफारसपत्र. मुलाखत घेणार होते प्राध्यापक पळसुले. माझेच सर ते, एम.ए.ला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई, माझ्यासाठीच काढलीय की ही जागा!" पद्माला धाप लागली होती. "आप्पा म्हणाले, ही नोकरी लागली तर लग्नाचं दोन वर्षं बोलणार नाही. नाही लागली तर भिवंडीचं स्थळ आलंय, वैशाखात उरकायचं म्हणून बसलेत."

"कोण आहे मुलगा?"

"मुलगा कसला, बाई. पहिली बायको वारलीय. दोन पोरं आहेत. आठ माग आहेत म्हणून सगळ्यांना गोड लागलंय." तिनं पिशवीतून एक कागद काढला. "यादी करून आणली. तुम्ही तपासून द्या आणि पत्र लिहा. पळसुले सर तुमचं ऐकतील."

मी यादी वाचायला घेतली. पहिला शब्द फ्लिबर्टिजिबेट. दुसरा माझा. तिसरा कोशातला. चौथा, पाचवा, सहावा माझे. वीसपैकी अकरा शब्दांच्या कहाण्या मी या माडीवर बसून रचलेल्या. 

"हेच का निवडलेस?"

"सगळ्यांत चांगले हेच आहेत, बाई. बाकीच्यात काही दम नाही. ते नॉशिया आणि काय ते."

तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. चार शब्द लागले असते. पद्मा, या गोष्टी खोट्या आहेत. ती माझ्याकडे बघत होती, आणि असं बघत होती की माझी जीभ रेटेना. "उद्या ये," मी म्हणाले.

दुपारी मी हुंडेकरी सरांच्या खोलीत गेले. ते जेवत होते. शेंगाचटणी, भाकरी, वर कच्चा कांदा. मी यादी समोर धरली आणि सांगितलं, यातले अकरा काढायला हवेत, मुलगी पळसुले सरांसमोर तोंडघशी पडेल.

सरांनी तोंडातला घास तसाच ठेवून यादी हातात घेतली. कागदाला तेल लागलं. "काढायचे म्हणजे तिला काय सांगणार?"

"खरं ते सांगणार."

"वा! म्हणजे उद्या ती वर्गात सांगणार, परवा गावात. माझी दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे, बाई." चटणीचा एक कण त्यांच्या ओठावरून यादीवर पडला. त्यांनी तो बोटानं उचलून परत तोंडात टाकला. "आणि कोण बघायलंय तिकडं कोश उघडून? चार म्हातारे बसलेले असणार. गोष्ट ऐकतील, हसतील, पोरीला घेतील. उलट पोरीचं भलं होईल. तुम्ही कशाला मध्ये पाय घालताय?"

"तिचं नुकसान झालं तर?"

"नुकसान तुमचंच होईल. गोष्टी कुणाच्या? पुस्तकावर नाव माझं असलं तरी वर्गात उभं राहून कोण सांगतं? मी सांगतो का?" आणि ते हसले. दातांत कांद्याचा पापुद्रा अडकला होता. "लिहून टाका पत्र. तुमचं वजन आहे तिकडं."

नालायक माणूस! जिना उतरताना मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आईनं ऐकलं असतं तर तोंड धुवायला लावलं असतं. घरी जाऊन मी साबण लावून दोनदा हात धुतले, आणि मग पत्र लिहायला बसले.

पळसुले सरांना मी लिहिलं, की कुमारी पद्मा येमूल ही माझी विद्यार्थिनी अत्यंत बुद्धिमान आणि कष्टाळू आहे. खाली एक ओळ टाकली, की सोबतची यादी मी स्वतः तपासली आहे. ही ओळ हुंडेकरी सरांनी सांगितली नव्हती. ती मीच लिहिली, कारण तिच्याशिवाय पत्र अपुरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पद्माला पत्र आणि यादी दिली. नऊ खऱ्या शब्दांमध्ये एक-दोन शुद्धलेखनाच्या चुका मी लाल शाईनं दुरुस्त केल्या होत्या. ते बघून तिचे डोळे भरून आले.

"एवढं बारकाईनं कुणी बघत नाही, बाई," ती म्हणाली.

मुलाखत मंगळवारी होती. बुधवारी सकाळी ती आमच्या घरी आली. अंगावर तीच नवी फिकट निळी साडी, प्रवासानं चुरगळलेली. मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली.

"कशी झाली?"

"आधी चांगली झाली. तिघं होते. पळसुले सर मधोमध. म्हणाले, तुमचा आवडता शब्द सांगा. मी फ्लिबर्टीची गोष्ट सांगितली. तिघंही हसले, बाई. सर तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले."

"मग?"

"मग म्हणाले, फार सुंदर. आता कोशात काढून दाखवा." ती चुलीकडे बघत बोलत होती. "टेबलावरच खंड होते सगळे. मी काढला. त्यात लिहिलं होतं, बडबडीच्या आवाजावरनं झालेला शब्द असावा. फाशी नाही, बाई नाही, काही नाही. मला वाटलं, मीच चुकीचं पान काढलं. पुन्हा बघितलं. मग त्यांनी यादीतला दुसरा शब्द काढायला लावला. मग चौथा. हसायचं थांबले होते ते."

चहा उतू गेला. मी फडक्यानं भांडं उतरवलं.

"मग त्यांनी तुमचं पत्र हातात घेतलं. म्हणाले, मैंदर्गीकरांनी ही यादी तपासली? माझ्या वर्गातली सगळ्यांत काटेकोर मुलगी होती ती. तिनं हे पास केलं?"

"तू काय म्हणालीस?"

तोपर्यंत ती कशी परत आली, काही खाल्लं की नाही, रडली का, यातलं मी काही विचारलं नव्हतं. हा प्रश्न मात्र माझ्या तोंडून पटकन आला.

"मी म्हटलं, बाईंनी दुसरी यादी तपासली होती. ती चांगली होती. मी गाडीत बसून हे शब्द घातले, मनाच्या गोष्टी लिहिल्या, म्हटलं तुमच्यावर छाप पडेल." तिनं पदरानं मान पुसली. "लाल शाईच्या खुणा होत्या म्हणून त्यांना खरं वाटलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. कागद परत दिले."

तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं, त्या टेबलापाशी उभी असतानाच कळलं होतं, आणि एका मिनिटात तिनं ठरवलं होतं की कुणाला वाचवायचं. मी तिच्या जागी असते तर पिशवीतून पुस्तिका काढून टेबलावर आपटली असती.

"तुमचं नाव खराब झालं नाही, बाई," ती म्हणाली.

"बरं केलंस," मी म्हणाले.

होय, हेच म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं. हुंडेकरी सरांच्या तोंडून कधी इतकं ओंगळ वाक्य आलं नव्हतं. ते निदान चटणीचे डाग पाडत होते, मला ते दिसत तरी होते. मी कपात चहा गाळला, तिच्यापुढं ठेवला, वर खारी बिस्किटं ठेवली. ती खाल्ली तिनं. भूक लागली होती.

आठ दिवसांनी पळसुले सरांचं पत्र आलं. त्यांचं ते मोत्यासारखं अक्षर. मुलगी हुशार आहे, पण खोटे उगम रचणाऱ्या व्यक्तीच्या हाती कोश देता येत नाही, आज नाही आणि पुढंही नाही. तुमच्या विश्वासाचा तिनं असा गैरफायदा घ्यावा याचं वाईट वाटलं. शेवटी लिहिलं होतं, की जागा अजून रिकामी आहे. तुमच्यासारखं काटेकोर माणूस त्या क्लासात का कुजतं आहे? याल का?

मी लगेच उत्तर लिहायला बसले. सर, त्या मुलीनं काही रचलेलं नाही. त्या अकरा कहाण्या माझ्या आहेत. एवढं लिहून झालं. कागद दोन दिवस टेबलावर पडून होता. अजून वेळ होता. वैशाख लांब होता. टपालपेटी आमच्या गल्लीच्या तोंडालाच होती. तिसऱ्या दिवशी मी तो कागद बारीक फाडून चुलीत टाकला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहिलं, मी येते.

मी त्या कोशमंडळात तेवीस वर्षं काम केलं. पुराव्याशिवाय एक उगम छापू दिला नाही. तरुण मुलं मला घाबरत. कुणी "असावा" लिहायच्या जागी "आहे" लिहिलं तर मी पान परत पाठवत असे. निवृत्तीच्या दिवशी भाषणात माझ्या सचोटीचा उल्लेख झाला, शाल दिली, नारळ दिला. मी हात जोडून बसले होते आणि मला एकसारखी मळमळ होत होती. लोकांना वाटलं, गहिवरून आलंय.

क्लास सोडताना हुंडेकरी सरांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बघा, बाई. गोष्टी करता येणाऱ्याचं कुठं अडत नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्यावर रागवायचा हक्क मी गमावून बसले होते.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी पद्मा आली. लग्नाची पत्रिका घेऊन, कोपऱ्यांना हळद लावलेली. अंगणात माझी ट्रंक दोरीनं बांधून ठेवली होती. तिनं ती बघितली.

"कुठं गावाला चाललात, बाई?"

"पुण्याला." एवढंच सांगून सुटता आलं असतं. पण लपवणार तरी कुठवर? "पळसुले सरांनी बोलावलंय. कोशमंडळात."

"त्याच जागेवर?"

"हो."

तिनं हातातली पत्रिका उगाच सरळ केली. मी वाट बघत होते. बोल, म्हटलं, काहीतरी बोल. थुंक माझ्या तोंडावर. पत्रिका फाडून टाक. त्यातलं काहीही केलं असतं तर मी निदान रात्री झोपले असते.

पद्माचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. तो आनंद खोटा नव्हता, मी शपथेवर सांगते. मी तो जेवढा बारकाईनं तपासला, तेवढा पुढं एकही शब्द तपासला नाही.

"चांगलं झालं की, बाई," ती म्हणाली. "जागा आपल्यातच राहिली."

आणि ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुखी राहा.